मांजर, पाल आणि ट्यूबलाइट : घरातल्या शेवटच्या शिकारीचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना जे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' वगैरे झालं होतं ते बरंचसं काढून टाकलंय. थोडं राहिलं असेल तर सांभाळून घ्या.

आजचा विषय ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना सांगायची गरजच नाही. संध्याकाळचे सात वाजतात, ट्यूबलाइट लागते, तिच्यामागून पाल डोकं बाहेर काढते आणि आपलं मांजर जमिनीवर पुतळा होऊन बसतं. मान वर, कान पुढे, शेपटीचं फक्त टोक हलतंय. मधूनच दात वाजवल्यासारखा 'कक्-कक्-कक्' असा विचित्र आवाज. तुम्ही हाक मारा, खाण्याचा डबा वाजवा, ढिम्म हलत नाही. पाऊण तास झाला तरी ते तिथेच. माझं लक्ष साध्या स्टँडअप मीटिंगमध्ये पंधरा मिनिटं टिकत नाही, त्यामुळे मला याचं कौतुक जरा जास्तच आहे.

इंटरनेटवर याचे हजारो विनोदी व्हिडिओ आहेत. पण मला प्रश्न पडला तो इतिहासाचा. हे दोघं एकाच भिंतीच्या खाली-वर आले कसे? दोघांनाही आपण बोलावलं नव्हतं. मग कोण कधी आलं, कशासाठी आलं, आणि आता त्यांचं आपल्या घरात काय चाललंय?

धान्यामागून उंदीर, उंदरामागून मांजर

आधी मांजराची गोष्ट, कारण तिचे पुरावे जास्त आहेत.

सायप्रस हे भूमध्य समुद्रातलं एक बेट. तिथे शिलूरोकांबोस नावाच्या जागी उत्खननात एक दफन सापडलं, सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. एक माणूस, आणि त्याच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर आठेक महिन्यांचं एक मांजर, नीट खड्डा करून पुरलेलं. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जाँ-डेनिस व्हिन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली 'सायन्स' मासिकात हे मांडलं. गंमत अशी, की सायप्रसवर मुळात रानमांजरं नव्हतीच. म्हणजे कुणीतरी ते होडीत घालून आणलं असणार. आणि मांजराला होडीत घालणं किती कठीण असतं, हे त्याला एकदा डॉक्टरकडे नेलेल्या माणसाला विचारा.

२००७ मध्ये कार्लोस ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी ९७९ मांजरांचा डीएनए तपासला. पाळीव मांजरांचं मूळ आफ्रिका आणि पश्चिम आशियात राहणाऱ्या 'लिबिका' या रानमांजराकडे जातं, असं त्यातून दिसलं. याच लिबिकाची एक भारतीय शाखा आजही कच्छ आणि राजस्थानच्या वाळवंटात फिरते.

आता कारण बघा. माणसाने शेती सुरू केली, धान्य साठवायला लागला. साठा आला की उंदीर आले. उंदीर आले की मांजर आलं. गाय, शेळी, कुत्रा यांच्यासारखं आपण मांजराला घडवलं असं फारसं झालंच नाही. कोठारापाशी जे मांजर माणसाला कमी घाबरलं, त्याला जास्त उंदीर मिळाले, त्याची पिल्लं जगली. करारावर सह्या नाहीत, अटी-शर्ती नाहीत. पण करार मात्र पक्का.

यातली एक गोष्ट मात्र आपण विसरतो. वाळवंटातलं रानमांजर फक्त उंदरावर जगत नाही. उंदीर हे मुख्य जेवण, पण त्याबरोबर पक्षी, टोळ, किडे आणि सरडे-पालीसुद्धा. म्हणजे पालीकडे टक लावणं ही फ्लॅटमधल्या मांजराला लागलेली नवी खोड नाही. तो लेगसी कोड आहे. दहा हजार वर्षं कुणी त्याला हात लावलेला नाही, आणि तो अजून व्यवस्थित चालतोय.

आपल्याकडचं मांजर

सिंध प्रांतातल्या चन्हुदाडो इथे १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केलं. तिथे सिंधू संस्कृतीच्या काळातली एक वीट सापडली. वीट ओली असताना तिच्यावरून एक मांजर पळालं आणि पाठोपाठ एक कुत्रा. दोघांचे ठसे विटेत कायमचे राहिले. चार हजार वर्षांपूर्वीचं सीसीटीव्ही फुटेजच म्हणा ना.

पुढे महाभारताच्या शांतिपर्वात लोमश नावाच्या बोक्याची आणि एका शहाण्या उंदराची गोष्ट येते. तमिळनाडूत मामल्लपुरमला सातव्या शतकातलं पल्लवांचं भलंमोठं शिल्प आहे, त्यात एक मांजर तपस्व्यासारखं पंजे वर करून उभं आहे आणि पायाशी उंदीर जमलेत. थोडक्यात, आपल्या पूर्वजांचं मांजराबद्दलचं मत स्पष्ट होतं : ध्यान लावून बसलंय म्हणजे काहीतरी शिजतंय. ट्यूबलाइटखाली बसलेलं मांजर पाहिलं की हे शिल्प आठवतंच.

महाराष्ट्राचा तर याच्याशी थेट आणि गंभीर संबंध आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगची साथ ओळखली. पुढच्या काही वर्षांत या रोगाने पुण्यापासून वऱ्हाडापर्यंत गावंच्या गावं रिकामी केली. १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो असं मांडलं, तेव्हा अनेकांना ते पटलं नव्हतं. त्यानंतर अमरावतीला असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर अँड्र्यू ब्युकानन यांनी वेगळाच उपाय सुचवला : मांजरं पाळा. ज्या वस्तीत मांजरं जास्त तिथे प्लेग कमी, असं त्यांचं निरीक्षण होतं. १९०८ मध्ये त्यांचा या विषयावरचा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे आज आपल्याला माहीत आहे, त्यामुळे हा उपाय वाटतो तितका सरळ नव्हता. पण मांजराकडे तेव्हा काय म्हणून पाहिलं जात होतं ते यावरून कळतं. ते कुणाचं 'बेबी' नव्हतं. ते कामावर होतं.

आणि पाल?

पालीच्या वाट्याला असा मान कधी आला नाही.

शब्दांपासून सुरुवात करू. संस्कृतात 'पल्ली', त्यावरून आपली 'पाल'. पण अमरकोशात तिच्यासाठी आणखी एक भारी शब्द आहे : 'गृहगोधिका'. गोधा म्हणजे घोरपड. म्हणजे पाल ही घरातली छोटी घोरपड. आता अन्याय बघा. सिंहगडाच्या १६७० च्या लढाईच्या दंतकथेत यशवंती घोरपड दोर घेऊन कडा चढते आणि पोवाड्यात अमर होते. घरची घोरपड रोज रात्री गुळगुळीत छतावर उलटी चालून दाखवते, आणि तिच्या नशिबी चप्पल आणि झाडू!

वास्तविक चढण्यात घोरपडीपेक्षा पाल कितीतरी पुढे. घोरपड नखांनी चढते, तिला खाचखळगे लागतात. पालीला काचही चालते. ॲरिस्टॉटलने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सुतार पक्ष्याचं वर्णन करताना लिहिलं, की तो झाडावर डोकं खाली करूनही पळतो, पालीसारखा. म्हणजे पालीचं हे कौशल्य तेव्हाही लोकांच्या डोळ्यांत भरलेलं होतं. त्याचं कारण कळायला मात्र एकविसावं शतक उजाडलं. केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००० आणि २००२ साली दाखवलं, की पालीच्या बोटांखाली लाखो सूक्ष्म केस असतात, प्रत्येक केसाला पुन्हा शेकडो फाटे, आणि ते भिंतीच्या इतके जवळ जातात की रेणूंमधलं क्षीण आकर्षण, म्हणजे व्हॅन डर वाल्स बल, तिला धरून ठेवतं. गोंद नाही, व्हॅक्यूम नाही. बारावीच्या रसायनशास्त्रात ते बल आपण दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. पाल त्यावर संसार करते.

आपण मात्र तिच्याकडून भविष्य विचारत बसलो. पंचांगात 'पल्लीपतन' म्हणून कोष्टक असतं : पाल कुठल्या अंगावर पडली तर काय फळ. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छतावर सोन्याची आणि चांदीची पाल आहे, आणि तिला हात लावला की पाल पडल्याचा दोष जातो असं भाविक मानतात. मराठीत तर मनात शंकेची पाल चुकचुकते. गंमत म्हणजे मांजरही याच यादीत आहे, आडवं गेलं की काम अडलं. एक अपशकुन दुसऱ्या अपशकुनाकडे टक लावून बसलाय आणि मधोमध आपण निवांत चहा पितोय, असं ते दृश्य आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो : आपल्या घरातली पाल विषारी नाही. तिच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू पसरू शकतात, म्हणून अन्न झाकून ठेवायचं. एवढंच.

दिव्याने बदललेला डाव

मांजराला घरात आणलं धान्याने. पालीचा जम बसवला दिव्याने.

आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या पिवळट पोटाच्या पालीचं शास्त्रीय वर्णन १८३५ साली एडुआर्ड र्युपेल या जर्मन संशोधकाने केलं. त्याला मिळालेला नमुना कुठला, तर तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरातला. या जातीच्या पाली बंदरांमधून, जहाजांच्या मालातून, लाकडातून कुठून कुठे पोहोचल्या. तिची चुलत बहीण, दक्षिण आणि आग्नेय आशियातली साधी घरपाल, तर दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर पसरली. हवाईमध्ये तिच्याआधी दुसरी एक छोटी पाल होती, जिच्यात माद्याच असतात आणि नराशिवाय अंडी घालतात. नवी पाल आली आणि गावा-शहरांतल्या भिंतींवरून जुनी कमी होत गेली. का? १९९३ मध्ये केनेथ पेट्रेन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये याचं उत्तर मांडलं. कळीचा मुद्दा होता दिवा. दिव्यापाशी किडे एका जागी गोळा होतात, आणि तिथे मोठी, वेगवान नवी पाल ते जास्त पटकावते.

आपल्याकडे १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. आजच्या 'बेस्ट'ची आजीच ती. हळूहळू कंदील गेले, बल्ब आले, मग ट्यूबलाइट. प्रत्येक दिव्याबरोबर आपण भिंतीवर एक खाणावळ उघडली. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, भरपूर किडे. पाल तिथे रोज येणारच. आणि पाल रोज ठरलेल्या वेळी येते म्हटल्यावर मांजराचं तिकीटही बुक.

टक लावण्यामागचं यंत्र

आता मांजराच्या डोक्यात काय चालतं ते बघू.

मांजराचे डोळे अंधुक उजेडासाठी आणि हालचालीसाठी बनलेले आहेत. आपल्याला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याच्या प्रकाशात त्याचं भागतं. उलट नाकासमोर वीतभर अंतरातलं त्याला धूसर दिसतं. पाल कशी चालते आठवा : एकदम पळ, एकदम थांब. पुन्हा पळ, पुन्हा थांब. मांजराच्या मेंदूसाठी हा सतत येणारा इंटरप्ट आहे. दुसरी सगळी कामं पॉज.

'पण आमची मनी पोटभर जेवलेली असते, तरी का?' हा प्रश्न नेहमी येतो. जर्मन संशोधक पाउल लाइहाउझेन यांनी विसाव्या शतकात मांजरांच्या शिकारीचा बारकाईने अभ्यास केला. दबा धरणं, झडप घालणं, मारणं आणि खाणं या प्रत्येकाची ओढ बऱ्यापैकी स्वतंत्र असते, असं त्यांनी दाखवलं. १९७६ मध्ये रॉबर्ट ॲडमेक यांच्या प्रयोगात जेवत असलेल्या मांजरांसमोर उंदीर सोडला, तर ती आवडतं जेवण टाकून उठली, उंदीर मारला, तो जेवणाच्या भांड्यापाशी आणला आणि पुन्हा आधीचंच जेवण खायला लागली! भूक हे एक मॉड्यूल, शिकार हे दुसरं. एक बंद केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. यालाही कारण आहे. छोट्या सावजावर जगणाऱ्या प्राण्याने भूक लागेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर समोरची संधी गेलेली असते.

पालीकडेही उत्तर आहे : शेपटी. शेपटीच्या मणक्यांत आधीच तुटण्याच्या जागा तयार असतात. जीवावर आलं की पाल तिथे स्नायू आवळून शेपटी सोडून देते. ती शेपटी नुसती वळवळत नाही. अँथनी रसेल आणि टिमथी हायम यांनी २००९ साली बिबट्या-गेकोवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की तुटलेली शेपटी मधूनच उसळ्या मारते, उलटते, चाल बदलते, तीही मेंदूशी संपर्क नसताना. सायबर सिक्युरिटीवाले याला हनीपॉट म्हणतील. हल्लेखोर खोट्या सर्व्हरवर रमला आणि खरा मालक कपाटामागे पसार. शेपटी पुन्हा येते, पण तिच्यात हाडाऐवजी कूर्चा असते, आणि साठवलेली चरबी गेलेली असते. म्हणजे पालीसाठी ही चेष्टा नाही. महिनाभराची बचत एका रात्रीत खर्च होते.

मग आपण काय करायचं?

इथे विषय माझ्या घरापर्यंत येतो. गेल्या पावसाळ्यात आमचं मांजर दोन दिवस जेवलं नाही, हिरड्या आणि कानांची आतली बाजू पिवळट दिसायला लागली. डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलं, 'पाली खातं का हो हे?' मला वाटलं, काहीतरी जुनी समजूत असेल. पण नाही. उष्ण प्रदेशात आढळणारा प्लॅटिनोसोमम नावाचा एक चपटा कृमी आहे. त्याचा प्रवास असा : मांजराच्या विष्ठेतून अंडी, ती गोगलगायीत, तिथून ओलसर जागी राहणाऱ्या बारीक किड्यांत, किडे खाणाऱ्या पाली-सरड्यांत, आणि पाल खाणाऱ्या मांजराच्या पित्तनलिकेत. कॅरिबियन भागात लोक या आजाराला 'पालीची विषबाधा' म्हणायचे. त्यांनी कारण चुकीचं धरलं होतं, विष नव्हतंच. पण संबंध बरोबर ओळखला होता. बऱ्याच मांजरांना याचा त्रास जाणवतही नाही, पण कृमी जास्त झाले तर कावीळ होऊन जीवावर बेतू शकतं. आमच्याकडे तपासणीत हा कृमी सापडला नाही, दुखणं वेगळं निघालं आणि मांजर बरं झालं. पण ते चार दिवस मी सलाइनच्या नळीकडे बघत बसलो होतो, आणि तेव्हापासून 'जाऊ दे, खेळतंय बिचारं' असं म्हणणं मी सोडलं.

दुसरी बाजू पालीची. ऑस्ट्रेलियात मांजरं १७८८ नंतर ब्रिटिश वसाहतीबरोबर गेली. २०१८ मध्ये जॉन वोइनार्स्की आणि सहकाऱ्यांनी अंदाज काढला, की तिथली मांजरं वर्षाला सुमारे ६५ कोटी सरपटणारे प्राणी मारतात. एका मांजराच्या पोटात तर चाळीस सरडे-पाली निघाल्या होत्या. आपली परिस्थिती तशीच आहे असं नाही. इथे मांजर आणि घरपाल हजारो वर्षं शेजारी आहेत. पण आपल्याकडच्या सगळ्या पाली घरपाली नाहीत. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर एक छोटी पाल राहते, जिची शास्त्राला ओळख झाली २००८ साली, आणि तिच्या नावातच सातारा आहे. अशा जातींचं जग जेमतेम एखाद्या पठाराएवढं असतं. फार्महाउसवर, होमस्टेवर मांजर मोकळं सोडताना हे डोक्यात असावं.

आता इतिहासाचा हिशोब मांडतो. दहा हजार वर्षांपूर्वीचा करार धान्य-उंदीर-मांजर असा होता. आपला फ्लॅट बघा. धान्य हवाबंद डब्यात, खिडक्यांना जाळ्या, उंदीर दहाव्या मजल्यावर क्वचितच. मांजराचं काम आपण काढून घेतलं, पण कामाची ओढ त्याच्यात तशीच राहिली. त्या मूळ जगातलं एकच सावज आपल्या काँक्रीटच्या खोक्यात उरलंय, आणि ते ट्यूबलाइटमागे राहतं. म्हणून ते टक लावणं मला आता नुसतं गमतीशीर वाटत नाही. बेंचवर बसवलेल्या कसबी माणसासारखं वाटतं ते. पगार चालू, काम नाही.

त्यामुळे काम द्यायचं. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी, म्हणजे पाल निघते त्याच वेळी, दहा-पंधरा मिनिटं दोरीला पीस बांधून मांजराशी खेळायचं. पालीसारखंच : पळ, थांब, पळ, थांब. शेवटी त्याला ते 'पकडू' द्यायचं आणि लगेच जेवण वाढायचं. दबा, झडप, पकड, जेवण, सगळा क्रम पूर्ण. मांजर जिथे उडी मारून पोहोचू शकतं त्या कपाटाजवळचा दिवा बंद ठेवायचा, उंचावरचा चालू ठेवायचा. पाल किड्यांमागे तिकडे जाते आणि मांजराच्या टप्प्याबाहेर राहते. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून वेळेवर द्यायचं, आणि मांजराने पाल खाल्लेली दिसली तर पुढच्या भेटीत तसं सांगायचं. आणि पालीवर स्प्रे मारायचा नाही. ती रोज रात्री आपले डास फुकटात खाते, वर ते विष मांजराच्या पोटात जायची भीती.

आमच्याकडे सध्या हे बरं चाललंय. बैठकीच्या खोलीतल्या पालीची शेपटी गेल्या काही महिन्यांत तुटलेली नाही.

तुमच्या घरातल्या मांजराची आणि पालीची काही गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, निवडक पुढच्या भागात ऐकवू. पुढचा विषय : झुरळ. हो, तेही जहाजातून फिरलंय. भेटू!